मासा यादीत सगळ्यात शेवटी

चवथीला गोल्डफिश हवा म्हणून भाची हटून बसली आहे. मी तिला सांगितलं, मासा आणू, पण चवथ झाल्यावर. टाकी मात्र आज मांडू. माझे पहिले दोन मासे मी दुकानातून आणले त्याच संध्याकाळी गोल काचेच्या भांड्यात सोडले होते. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, मासे वर येऊन तोंडाने हवा ओढायला लागले आणि आठवड्याच्या आत दोघेही गेले. तो हवा ओढण्याचा आवाज अजून कानात आहे.

म्हणून आधी जागा आणि टाकी. दोन गुबगुबीत, दुहेरी शेपटीच्या माशांसाठी निदान शंभर लिटर धरा, म्हणजे साधारण अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच. भरल्यावर वजन सव्वाशे किलोच्या पुढे जातं, तेव्हा टीपॉय चालणार नाही. ऊन थेट पडणारी खिडकी टाळा. तळाला धुतलेली गोटीदार रेव पुरे. टोकदार शोभेच्या वस्तू नकोत, शेपट्या फाटतात.

पाण्याकडे जास्त लक्ष द्या. आमच्या गोव्यातल्या फोंड्यात ओपाच्या जलप्रकल्पाचं नळाचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं. ते बादलीत दिवसभर उघडं ठेवा किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे थेंब घाला. विहिरीच्या पाण्याची अडचण वेगळी. जांभ्या दगडातलं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आंबट असतं, गोल्डफिशला मात्र थोडं जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी मानवतं. यावर माझा उपाय घरातलाच आहे: तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या उकळून, घासून, वाळवून जाळीच्या पिशवीत घालायच्या आणि फिल्टरजवळ टांगायच्या. त्यातला चुना हळूहळू पाण्यात उतरतो. मीठ-मसाल्याचा वास राहता कामा नये, इतक्या स्वच्छ करा.

आता सगळ्यात सोपं दिसणारं आणि सगळ्यात जास्त चुकणारं काम. फिल्टर लावा, चालू करा, आणि रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा. ते कुजून अमोनिया होतो. मासाही कल्ल्यांवाटे हाच अमोनिया सोडतो आणि त्यानेच गुदमरतो. स्पंजवर हळूहळू जीवाणू वसतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं त्याहून बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. याला चार ते सहा आठवडे लागतात. थेंबांची टेस्ट किट घ्याच. खाणं पडत असूनही अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य असं सलग काही दिवस दिसलं की टाकी तयार. चवथीला मूळ घरी जाताना सवयीने मेन स्विच बंद कराल, तो करू नका. वाहतं पाणी थांबलं तर स्पंजवरचे जीवाणू मरतात. पावसात वीज जातेच, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप आत्ताच घेऊन ठेवा.

हीटर लागत नाही. गोल्डफिश थंड पाण्याचा, 18 ते 24 अंशांत खूश. आपल्याकडे मे महिन्यात पाणी तिशीला पोहोचतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा बुडबुडे वाढवा, झाकण अर्धं उघडं ठेवा, वर छोटा पंखा लावा. बर्फ ओतू नका, एकदम बदललेलं तापमान माशाला झेपत नाही.

किरकोळ सामान: पाणी काढायचा सायफन, फक्त टाकीसाठी राखून ठेवलेली बादली, बुडणारे दाणे. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली कधीच नाही. दाणे आधी भिजवा. गोल्डफिशला पोट नसतं, कोरडं फुगणारं खाणं त्याला बाधतं. सोललेला उकडलेला वाटाणा अधूनमधून छान.

दुकानात मासा निवडताना कल्ले, पर आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का ते बघा. एकाच टाकीत एखादा जरी तसा दिसला, तर त्या टाकीतला कुठलाच नको. घरी पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग मासा जाळीने उचलून सोडा. दुकानातलं पाणी आत ओतू नका. त्या रात्री दिवा बंद, खाणं काही नाही. भाचीला हे आधीच सांगून ठेवलंय, कारण पहिल्या संध्याकाळी डबा तिच्याच हातात असणार.