'डूडल' या शब्दाचा अर्थ आणि उगम कसा शोधावा
देवस्थानाच्या महाजनांची बैठक लांबली की हातातल्या कागदाच्या कडेला फुले, चौकोन आणि भोवरे उमटू लागतात. कान चर्चेकडे आणि हात कागदावर, अशा अवस्थेत काढलेल्या या आकृत्यांना गोव्यातली आपली मुले आता 'डूडल' म्हणतात. या शब्दाचा उगम शोधू पाहणाऱ्याने सर्वप्रथम ध्वनिसाम्याचा मोह टाळावा. आपले 'दुडदुडणे' कानाला कितीही जवळचे वाटले, तरी शब्द ज्या भाषेत वाढला तिच्यातील जुन्या नोंदी कालक्रमाने लावल्याखेरीज नाते जोडू नये.

तशा त्या लावल्या की आश्चर्य वाटते. सतराव्या शतकातील इंग्रजीत 'डूडल' म्हणजे खुळा, भोळसट माणूस. उत्तर जर्मनीच्या बोलीतील त्याच अर्थाच्या एका शब्दाशी कोशकार त्याचे नाते लावतात. अठराव्या शतकातील 'यँकी डूडल' या अमेरिकी गीतातही हाच खुळा आहे. चित्राचा अर्थ रूढ झाला तो १९३०च्या दशकात. फ्रँक काप्रा यांच्या १९३६च्या 'मिस्टर डीड्स गोज टू टाउन' या चित्रपटात नायक भर न्यायालयात या शब्दाचा अर्थ समजावून सांगतो. जो शब्द असा उलगडून सांगावा लागतो, तो ऐकणाऱ्यांना अपरिचित असतो. म्हणून शब्दाचा काळ ठरवताना असे प्रसंग मला कोशातील व्याख्येइतकेच मोलाचे वाटतात.

यानंतर मराठी प्रतिशब्दाकडे वळावे. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' शेजारी शेजारी उघडावेत. संस्कृत 'रेखा'पासून 'रेघ' झाली आणि तिचे लहान, सैल रूप म्हणजे 'रेघोटी'. 'चितारणे' हा शब्द 'चित्र'पासून आला असला, तरी तो येथे चालणार नाही. गोव्यातील चितारी लाकडावर रंगकाम करतो ती पिढीजात कारागिरी असते, आणि तिला रिकामपणाचा चाळा म्हणणे हा त्या हातांवर अन्याय होईल. 'खरडणे' घाईच्या लेखनालाही लागते. 'रेघोट्या मारणे' यात मात्र हेतूचा अभाव नेमका उतरतो, म्हणून मी तोच वापरतो. घरात पोर्तुगीज शिकलेले वडीलधारे असतील तर त्यांना रेघोट्यांसाठीचा 'रबिश्कु' हा शब्द विचारावा. वाकड्यातिकड्या अक्षरांनाही तो लागतो, त्यामुळे त्याची सीमा 'खरडणे'च्या जवळ जाते.

शेवटी प्रत्येक शब्दासाठी वेगळा कागद करून त्यावर अर्थ, तो अर्थ सापडलेले सर्वांत जुने वाक्य, त्याचे वर्ष आणि भाषा लिहावी. जेथे उगम केवळ संभाव्य असेल, तेथे 'असावा' हे क्रियापद न चुकता ठेवावे.