आउटलुकची पीएसटी फाइल उघडत नसेल तर

सदाशिव पेठेतील करसल्लागारांपासून हिंजवडीतील कंपन्यांपर्यंत अनेकांचा जुना पत्रव्यवहार आउटलुक या ईमेल प्रोग्रॅमच्या पीएसटी फाइलींत साठवलेला असतो. अशी फाइल उघडत नसेल, तर दुरुस्तीआधी तिची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी; कितीही घाई असली तरी ही पायरी गाळू नये. फाइल सामायिक नेटवर्क ड्राइव्हवर असल्यास ती संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर आणावी, कारण नेटवर्कवरून वापरलेली पीएसटी बिघडण्याचा धोका असतो. त्यानंतर आउटलुक बंद करून त्याच्यासोबत येणारे ‘स्कॅनपीएसटी’ हे दुरुस्तीचे साधन चालवावे आणि त्रुटी संपेपर्यंत पुन्हा चालवत राहावे; सुटे सापडलेले संदेश ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये येतात. आउटलुक २००२ व त्याआधीच्या फाइलींची मर्यादा २ जीबी होती, आणि ती ओलांडलेली फाइल छाटूनच उघडावी लागते, ज्यात काही संदेश जातातच.