मसाई मारात गाडीतून पक्ष्यांचे फोटो काढताय? आधी या चुका टाळा

केनियाहून आलेले मित्र फोटो दाखवतात तेव्हा सिंह, चित्ते एकदम कडक आलेले असतात आणि लायलॅक ब्रेस्टेड रोलर हा पक्षी मात्र दरवेळी जरा हललेलाच, मग दोष लेन्सला. नवीन लेन्स घ्यायच्या आधी तो फोटो पूर्ण झूम करा आणि पक्ष्याकडे नाही, तो बसलाय त्या काटेरी फांदीकडे बघा. फांदी आणि पक्षी दोन्ही एकाच दिशेला डबल दिसत असतील तर गाडी हलली. काटे शार्प आणि पक्षीच पुसट असेल तर त्यानं मान फिरवली आणि तुमचा शटर स्पीड कमी पडला. पुढचं गवत शार्प असेल तर फोकस गवतानं खाल्ला, अशा ठिकाणी सिंगल पॉइंट, म्हणजे एकाच ठिपक्यावर फोकस लावायचा. आणि शटर स्पीड 1/2000 सेकंद असूनही सगळंच पाण्यातून बघितल्यासारखं दिसत असेल तर ती तापलेल्या जमिनीवरची हवा आहे, तिच्यावर कुठलीच सेटिंग चालत नाही, जवळ जा नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर या.

यातली गाडी हलण्याची चूक सगळ्यात जास्त होते. डिझेल इंजिन चालू असलं की अख्खी लँड क्रूझर बारीक थरथरत असते, आपल्या हाताला कळत नाही पण 500 एमएमच्या लेन्सला बरोब्बर कळतं. त्यामुळं गाडी थांबली की इंजिन बंद करायला सांगा, आणि हे पहिल्याच सकाळी ठरवून घ्या, पक्षी समोर आल्यावर नाही. तेवढंच सोबतच्या लोकांनाही सांगा, कारण मागच्या सीटवर कोणी चिवड्याची पिशवी शोधायला उठलं तरी फ्रेम हलते. बीन बॅग, म्हणजे लेन्स टेकवायची पिशवी, इथून रिकामी न्यायची आणि तिथं तांदूळ घेऊन भरायची, कारण छोट्या विमानानं माराला जाणार असाल तर सामान 15 किलोच्या आसपासच चालतं. पॅकिंगला प्लास्टिकच्या कॅरीबॅग मात्र नेऊ नका, केनियात 2017 पासून बंदी आहे.

दुसरी चूक म्हणजे छत उघडं आहे म्हणून प्रत्येक फोटो उभं राहून वरून काढणं. सिंहाला एकवेळ चालतं, पण झुडपावर किंवा गवतात बसलेल्या लिटल बी-ईटरला वरून काढलं की मागं नुसती माती येते. खाली बसा, खिडकीवर बीन बॅग टाका आणि पक्ष्याच्या डोळ्याच्या लेव्हलला या, मागचं गवत लांब जाऊन मऊ होतं आणि तो हिरवा-पिवळा रंग उठून दिसतो.

रंगाचं दुखणं वेगळं. सुपर्ब स्टारलिंग कॅम्पच्या आवारातसुद्धा फिरत असतो, पण फोटोत तो बऱ्याचदा काळा येतो. त्याच्या पाठीची निळी-हिरवी झळाळी पिसांच्या रचनेतून येते, प्रकाश बरोबर कोनातून पडला तरच दिसते. सूर्य तुमच्या पाठीशी राहील अशी गाडी लावून घ्या, दोन-चार मीटर पुढंमागं केली तरी फरक पडतो. मारा विषुववृत्ताजवळ आहे, साडेसहाच्या सुमारास उजाडतं आणि सूर्य सरळ वर चढतो, नऊनंतर रंग फिके पडायला लागतात. पक्षी आकाशाच्या पार्श्वभूमीवर असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, वाढवा, नाहीतर पोटाचे सगळे रंग अंधारात जातात.

आणि काही लोक पक्षी उडावा म्हणून टाळ्या वाजवतात, दारावर थाप मारतात. हे अजिबात करू नका, प्लीज. एक तर तो घाबरून पाठ करूनच उडतो, म्हणजे फोटोही जातो, आणि त्याची शिकार हुकते ती वेगळीच. रोलर म्हणजे आपल्या नीलपंखाच्याच कुळातला, त्याच्या आवडत्या फांदीवरून खाली झेपावतो, नाकतोडा उचलतो आणि बऱ्याचदा त्याच फांदीवर परत येतो. एका सकाळी आम्ही इंजिन बंद करून असेच पाऊण तास बसलो. पहिल्या तीन झेपा माझ्या फ्रेमच्या बाहेर गेल्या कारण मी फारच टाइट झूम केला होता, मग झूम कमी केला, वारा येत होता त्या बाजूला जागा सोडली, कारण उडताना तो शक्यतो वाऱ्याकडे तोंड करूनच निघतो, आणि स्पीड 1/3200 वर नेला. उडायच्या आधी तो अंग आवळतो, किंचित पुढं झुकतो, पुष्कळदा शिटतो, तेव्हाच बटण दाबून धरायचं. चौथ्या झेपेला पंख पूर्ण उघडलेला मिळाला, आतला तो गडद निळा, छातीचा जांभळट आणि शेपटीची दोन लांब टोकं सकट.