थंडीआधीची वाडी: कुणाला पांघरूण, कुणाला तहान

दसरा होऊन गेला आणि पहाटे विहिरीचं पाणी हाताला कोमट लागलं, की थंडी दारात आली असं आमच्याकडे कोकणात समजतात. पाणी तेच असतं, हवा गार झालेली असते. त्या दिवसापासून तुळशीच्या लग्नापर्यंत जे काही दिवस मिळतात, त्यात वाडीतली, म्हणजे घराभोवतीच्या बागेतली, कामं उरकायची. पुढे सुपारीची पाडणी, पाहुणे, लग्नसराई, मग कुणाला वेळ असतो?

कॅनडातल्या भाच्याने परवा फोटो पाठवला. अंगणातल्या मिरचीच्या रोपांवर त्याने पलंगावरची चादर घातली होती. "मामी, रात्री दव गोठणार आहे, तुमच्याकडे झाडांवर काय घालता?" आमच्याकडे दव गोठत नाही. ते गोठतं घाटावर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे गवतावर पांढरी साय धरते, निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. आम्हाला समुद्र उशाशी आहे. तो दिवसभर खाल्लेली ऊब रात्रभर परत देतो, म्हणून ऐन थंडीतही किनाऱ्यावर पारा सहसा १८-२० च्या आसपास राहतो. दापोलीच्या पठारावर मात्र एखाद्या वर्षी तो १० च्याही खाली जातो. शून्याची भीती नाही, पण केळ, अँथुरियम, मिरवेल ही सगळी उबेतली माणसं. १२-१३ अंशांनाच ती आखडतात.

आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे नुसती थंडी फारसं बिघडवत नाही. बिघडवतं ते तिच्यासोबत येणारं कोरडेपण. पाऊस थांबतो, दुपारी ३४-३५ अंशांचं ऊन, पहाटे डोंगराकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा, आणि खाली हातभर मातीचा थर असलेला कातळ. महिन्याभरात ती माती ठणठणीत वाळते. तयारी करायची ती याची.

१. गारठा कुठे साचतो ते बघा

गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साठते. आमच्या वाडीत विहिरीमागे एक खड्डेवजा कोपरा आहे. सावली छान म्हणून मी तिथे कुंड्या ठेवायचे आणि दर पौषात अँथुरियमची पानं काठाने काळी पडायची. शेवटी दहा-वीस रुपयांचा फरक न बघता दोन साधे तापमापक आणले, एक ओटीवर टांगला, एक त्या कोपऱ्यात. पहाटे साडेपाचला कोपऱ्यातला पारा तीन अंशांनी खाली! कुंड्या त्याच दिवशी उचलल्या.

तापमापक नसेल तर पहाटे अनवाणी फेरी मारा, पायाला कळतं. कुंड्यांसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेली चिऱ्याची भिंत. चिरा म्हणजे जांभा दगड, तो दिवसभर तापतो आणि अर्धी रात्र ऊब सोडत राहतो. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, नाहीतर दुपारी तीच भिंत पानं भाजते.

२. मोठ्या हापूसचं पाणी तोडा

हे पांघरूण घालण्याच्या नेमकं उलटं काम आहे, आणि मी ते शिकले हापूसचं एक अख्खं वर्ष घालवून. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पोफळींच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, शिपण्याचा पाट मी दारच्या हापूसकडे वळवला. वाटलं, बिचारा उन्हात उभा आहे. कार्तिकभर रोज पाणी. झाड असं तजेलदार झालं की येणारा-जाणारा नाव घेई. मार्गशीर्षात शेजारची कलमं मोहराने पिवळी झाली आणि आमच्या हापूसने लालचुटूक पालवी काढली. शेंड्याशेंड्याला पालवी, मोहराची एक काडी नाही. सासूबाई खळ्यात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, तहानला तर फुलेल ना तो. तू त्याला पोटभर पाजतेस, मग त्याला काय पडलंय?"

यामागचं गणित सोपं आहे. पावसाळा संपताना आलेली पालवी जून व्हायला हवी, म्हणजे पान गडद हिरवं होऊन वाकवल्यावर कडकन मोडायला हवं. जून काडीलाच मोहर येतो. त्यात जमिनीत पाण्याचा ताण आणि रात्रीचा पारा साधारण दोन आठवडे विशीच्या खाली, हे दोन्ही जुळलं की झाड वाढ सोडून फुलायला घेतं. पाणी मिळत राहिलं, की ते वाढच करत राहतं. म्हणून पाऊस गेल्यापासून फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत फळत्या हापूसला पाणी नाही. युरिया किंवा ताजं शेणही नाही. बुंध्याखालचं गवत कापा, पण खणू नका.

याच फेरीत वर बघून बांडगुळं काढून टाका. फांदीच्या पोटात मुळं घातलेली असतात, त्यामुळे नुसतं ओरबाडून उपयोग नाही, थोड्या फांदीसकट कापावं लागतं.

काजूचं मात्र वेगळं. पावसानंतर येणाऱ्या कोवळ्या पालवीच्याच शेंड्याला त्याचा मोहर येतो. म्हणून हापूसची उशिरा आलेली पालवी बघून कपाळाला हात लावणारा माणूस काजूच्या पालवीकडे बघून खूश असतो. तिला जपायचं ते ढेकण्या किडीपासून. कोवळ्या दांड्यावर तपकिरी, जळल्यासारखे लांबट डाग दिसले की तो रस शोषून गेला असं समजा.

३. लहान कलमांना मांडव घाला

तीन वर्षांच्या आतलं कलम म्हणजे तान्हं मूल, त्याला वरचा ताणाचा नियम लावायचा नाही. त्याला पाणीही हवं आणि सावलीही.

कलमापासून दोन हातांवर चार मेढी रोवा. निरगुडीच्या किंवा करंजाच्या चालतील, बांबू असेल तर उत्तम. मेढी कलमाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच ठेवा. वर आडव्या काठ्या बांधून त्यावर माडाची झावळ पसरा, पात्या विस्कटून, म्हणजे ऊन चाळणीतून आल्यासारखं खाली येतं. दक्षिण आणि मावळतीच्या बाजूला झावळ उभी बांधा. उगवतीची बाजू उघडी ठेवा, सकाळचं कोवळं ऊन कलमाला लागतं. सुंभाने बांधलंत तर तो पुढे आपोआप कुजून सुटतो, प्लॅस्टिकची दोरी खोडात रुतून बसते. वरून प्लॅस्टिकचा कागद तर अजिबात नको. रात्री ऊब धरेल म्हणून घातलेला कागद दुपारी बाराला आतलं कलम उकडून काढतो.

मांडव घालताना खाली वाकून जोड बघा, म्हणजे रायवळच्या (गावठी आंब्याच्या) रोपावर हापूस बांधला ती जागा. जोडाच्या खालून फुटलेली फांदी रायवळची असते, ती जोमाने वाढते आणि वरचा हापूस उपाशी राहतो. नखाएवढी असतानाच खुडा.

पाणी पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा दोन-तीन बादल्या, दुसऱ्या वर्षी पंधरवड्याने, तिसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा. रोज तांब्याभर घातलेलं पाणी वरच्या वर सुकतं आणि मुळंही वरच राहतात. कातळावर पाणी लांबून न्यावं लागत असेल तर बुडाला बारीक भोक पाडून कापडाची वात घातलेलं मडकं आळ्यात गळ्यापर्यंत पुरा. ते भरून ठेवलं की झिरपत राहतं.

आळ्यात पातेरा (सुका पालापाचोळा) किंवा भाताचा पेंढा चांगला वीतभर घाला, मात्र खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. खोडाला टेकलेल्या पातेऱ्यातून वाळवी सरळ सालीवर चढते. वाळवीची मातीची रेघ दिसली तर झाडूने पाडा आणि पातेरा उचलून झटका.

४. गवत कापा, ते पिवळं होण्याआधी

हे काम थंडीचं वाटत नाही, म्हणून राहून जातं. पण कोकणात थंडीच्या महिन्यांत कलमं मरतात ती गारठ्यापेक्षा वणव्याने जास्त. कार्तिकात गवत उभ्याने वाळतं, कुणीतरी विडी टाकतं नाहीतर बांध जाळायला घेतं, आणि मतलई वाऱ्यावर आग गडगा, म्हणजे कुंपणाचा दगडी बांध, ओलांडून येते. त्यासाठीच गडग्याच्या आतून दहा-बारा फुटांचा पट्टा पूर्ण साफ करा, मातीपर्यंत. शेजाऱ्याशी बोलून त्याच्या बाजूनेही करून घेता आलं तर सोन्याहून पिवळं. कापलेलं गवत गोठ्यात जाऊ दे. बागेतच ढीग रचून ठेवलात तर आगीला सरपण आयतं मिळालं. मांडवाच्या झावळा आणि आळ्यातला पातेराही जळाऊच आहेत, हे लक्षात ठेवा.

५. पोफळी, केळी, कुंड्या

पोफळीचं शिपणं सुरू करायची वेळ हीच. बागेच्या कडेच्या, खोड उघडं असलेल्या पोफळींना दक्षिण-पश्चिमेकडून येणारं तिरपं ऊन थेट लागतं. तिथे खोड आधी सोनेरी पिवळं पडतं, मग तपकिरी होऊन तडकतं, आणि पुढे कधीतरी वाऱ्यात झाड तिथेच मोडतं. गळलेल्या विऱ्या (पानांचे रुंद देठ) उभ्या धरून त्या बाजूने बांधा किंवा चुना फासा. पोफळीलाच पोफळीची विरी, विकत काही आणायला नको.

केळीच्या घडावर तिचीच सुकी पानं ओढून बांधा. थंडीत घड भरायला वेळ लागतो, घाबरून खत ओतू नका.

कुंड्यांचं पाणी कमी करा आणि ते सकाळी घाला, संध्याकाळी नको. रात्रभर ओल्या मातीत गारठलेली मुळं कुजतात. खत बंद, फार तर चुलीची राख चिमूटभर. अबोली आणि जास्वंदीची मोठी छाटणी आता करू नका, नवी फूट नेमकी थंडीत सापडते. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र खुडत राहा. लग्न लागेपर्यंत तिला सगळे जपतात आणि नंतर ती वृंदावनात काडी होऊन उभी असते, कारण बी धरलं की तिचं काम संपलं. मंजिरी खुडली की पानं धरते. खुडलेल्या मंजिऱ्यांतलं बी कागदात बांधून ठेवा.

६. मोकळ्या वाफ्यात काय

भात कापल्यावर ओल जायच्या आत वाल, कुळीथ, चवळी पेरून घ्या. आमच्या बाजूचा कडवा वाल जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर निघतो. लाड केले तर नुसता वेल माजतो. अलिबागकडे याच सुमाराला पांढऱ्या कांद्याची लावणी असते. वालाच्या शेंगा भरल्या की भांबुर्ड्याचा पाला शोधायला लागा, पोपटी (पाल्यासोबत मडक्यात भाजलेल्या शेंगा) त्याशिवाय होत नाही.

७. मोहर दिसल्यावर

आता दवाशी गाठ. धुकट पहाट, भिजलेला मोहर आणि नंतर ढगाळ दिवस, असं दोन-तीनदा झालं की मोहरावर पिठासारखी भुरी धरते. पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक १० लिटरला २० ग्रॅम, फुलोरा पूर्ण उमलायच्या आधी, दव सुकल्यावर पण ऊन चढायच्या आत फवारा. भर दुपारी मारलेलं गंधक कोवळा मोहर जाळतं. फूल पूर्ण उमललं असेल तर पंप खाली ठेवा, मधमाश्या कामावर असतात.

तुडतुड्यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. संध्याकाळी झाडाखाली उभं राहून खालची फांदी हलवा. तोंडावर पावसाच्या बारीक थेंबांसारखं तडतड काही आपटलं तर ते आलेत. फांद्या आत दाटलेल्या, ऊन-वारा न शिरणाऱ्या झाडावर ते आधी येतात. सुरुवातीला निंबोळीचा पाच टक्के अर्क पुरतो: ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा साबण. पानं चिकट होऊन त्यावर काळी काजळी धरली असेल, तर एवढ्याने भागायचं नाही. कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक निघतं, ते मिळवून त्याप्रमाणे चला.

८. एखाद्या रात्री फारच गारठलं तर

पौषात दोन-चार रात्री अशा येतात की आभाळ निरभ्र, वारा पडलेला, चांदण्या डोळ्यांत खुपाव्यात इतक्या लख्ख. त्या रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. ढग असले की पांघरूण आपोआप मिळतं. अशा रात्री भाच्याची चादर आपल्याकडेही कामाला येते. जुनी सुती साडी घ्या. दिवेलागणीच्या आधी, माती अजून कोमट असताना, कुंड्यांच्या रांगेवर काठ्यांच्या आधाराने टाका. पानांना टेकता कामा नये आणि पदर जमिनीपर्यंत यायला हवा, कारण झाकायची आहे ती मातीतून येणारी ऊब. मिरची-वांग्याच्या रोपांवर उलटी टोपली चालते.

आणि सकाळी ऊन अंगणात आलं की साडी काढायला विसरू नका. मी एकदा ती तशीच टाकून दापोलीच्या बाजाराला गेले. दुपारी परत आले तर मिरच्या माना टाकून बसलेल्या, आणि साडीच्या घडीत आमची मांजर पिलांसकट झोपलेली.