मणक्याच्या टीबीचं ऑपरेशन: या चुका टाळा

एमआरआयमध्ये पू दिसला की घरचे घाबरून ऑपरेशनची तारीखच मागतात. ही पहिली चूक. मणक्याच्या टीबीचे बहुतेक रुग्ण गोळ्यांनी बरे होतात, शेजारचं गळूसुद्धा बऱ्याचदा औषधांनीच आटतं. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली मांडलेला ‘मधला मार्ग’ हेच सांगतो: आधी औषधं, गरज असेल तिथेच शस्त्रक्रिया.

पण गरज असताना थांबणं त्याहून घातक. चालताना चप्पल पायातून निसटते आणि ते कळतही नाही, पाय जड पडतात, लघवी अडते: मज्जारज्जूवर (मणक्यांतून जाणाऱ्या मुख्य नसेवर) दाब येत असल्याच्या या खुणा आहेत. अशा वेळी मालिश करू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. लहान मुलांच्या बाबतीत तर आजार बरा झाल्यावरही कुबड वाढू शकतं, म्हणून वाढीचं वय संपेपर्यंत तपासणी चुकवू नका.

आता एक चूक जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. ऑपरेशनमध्ये काढलेला सगळा पू आणि हाडाचा तुकडा फॉर्मालिनच्या (नमुना टिकवणाऱ्या रसायनाच्या) बाटलीत गेला, तर त्याचं कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) होतच नाही, कारण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात. काही भाग निर्जंतुक डबीत, साध्या सलाइनमध्ये, सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी पाठवणार ना, हे ऑपरेशनआधीच विचारा. कोणतं औषध लागू पडेल, हे त्यातूनच कळतं.

ऑपरेशन झालं म्हणजे टीबी गेला, असं समजून गोळ्या सोडणारे पाहिले की जीव तुटतो. ऑपरेशनने पू निघतो, दाब हटतो, स्क्रू आणि रॉड मणक्याला आधार देतात. जंतू मरतात ते औषधांनीच, आणि ती सहसा किमान १२ महिने घ्यावी लागतात. लघवी नारंगी झाली तर भिऊ नका, तो रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाचा रंग. मात्र नजर धूसर झाली, रंग ओळखू येईनात किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. पाठीला आधार देणारा पट्टाही त्यांना विचारल्याशिवाय काढू नका.

तीन महिन्यांनी काढलेला एमआरआय तसाच दिसला, तरी धीर सोडू नका. चित्र उशिरा सुधारतं. दुखणं, भूक, वजन, पायातली ताकद बघा. पण नियमित औषधं घेऊनही जखम वाहत राहिली किंवा नवं गळू आलं, तर औषधाला न जुमानणारा टीबी असू शकतो. तेव्हा त्या कल्चरचा रिपोर्ट घेऊनच डॉक्टरांकडे जा.