स्तंभ, स्तब्ध, स्थिर: लिहिताना या चुका टाळा

17 सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की मराठवाड्यात पत्रिका, फ्लेक्स आणि कोनशिलांची घाई सुरू होते आणि दरवर्षी तोच शब्द डोळ्यांत खुपतो: 'स्थंभ'.

मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षी परभणीकडच्या एका गावात हुतात्मा स्मारकाला ग्रॅनाइटची नवी पाटी बसवली. मजकूर मोबाइलवरूनच कारागिराकडे गेला. मध्ये कोणी वाचला नाही. कोरलं गेलं 'स्मृतीस्थंभ'. मी पोहोचलो तेव्हा पाटीवर अनावरणाचं कापडही चढलं होतं. "सर, सगळीकडं असंच लिहायलेत," कारागीर म्हणाला. त्याचा दोष नव्हताच. हाती आलं ते त्याने कोरलं. पण दगडातल्या 'थ'चा 'त' होत नाही. पुढे वर्गणी काढून पाटी नव्याने करावी लागली. हुतात्म्यांच्या नावांवरचा शब्द शुद्ध असावा, एवढा आग्रह मी धरणारच.

चूक होते कशी? खांब उभा असतो, म्हणून लोक तो 'स्था' धातूशी जोडतात. स्थिर, स्थान, स्थावर हे 'स्था'चे. स्तंभ आणि स्तब्ध मात्र 'स्तंभ्' या वेगळ्या धातूचे. त्याचा अर्थ रोखणं, ताठ होणं. मग 'थांबणे'त थ कुठून आला, असं कोणी विचारतं. प्राकृतात 'स्त'चा थ होतो: हस्तचा हत्थ, मग हात, मस्तकचा माथा. तसाच स्तंभचा थंभ आणि त्यातून थांबणे. म्हणजे गावचा एसटी थांबा आणि चौकातला स्तंभ एकाच मुळाचे. 'खांब' मात्र स्तंभचा अपभ्रंश नव्हे, तो 'स्कंभ'पासून आला.

'स्तब्द' आणि 'स्थब्ध' या दोन्ही चुका शोकसभेच्या बातम्यांत हमखास दिसतात. धातूच्या शेवटच्या भ् ला 'त' प्रत्यय लागला की ब्ध होतो: लभ्–लब्ध, क्षुभ्–क्षुब्ध, लुभ्–लुब्ध. स्तब्ध त्याच रांगेतला. मी मुलांना ही रांग मोठ्याने म्हणायला लावतो. कीबोर्ड सुचवेल ते दाबून पुढे जाणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, पण एकदा जिभेवर बसलं की पुन्हा शब्दकोश उघडावा लागत नाही.

स्तब्धचा अर्थही तपासा. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी माणसांना 'आत्मसंभाविताः स्तब्धाः' म्हटलंय. तिथे स्तब्ध म्हणजे ताठ, गर्विष्ठ. 'शांत' असा अर्थ लावून प्रवचन रंगवलेलं मी ऐकलंय. सगळा श्लोकच उलटा झाला होता.

'स्थगित' स्था धातूचा नाही. 'स्थग्' म्हणजे झाकणं. ठगही त्याच घरचा. स्थगित आणि रद्द एक नव्हेत, बैठकीच्या नोटिशीत तरी हा फरक पाळा.

'स्तिमित'चा मूळ अर्थ ओला. पुढे निश्चल आणि मराठीत थक्क.

'स्मृतिस्तंभ' या समासात 'ति' ऱ्हस्व.

धरणाचा 'मृतसाठा' म्हणजे सडलेलं पाणी नव्हे. विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, पातळीखाली राहिलेला तो साठा. जायकवाडीत तो 738 दलघमी (दशलक्ष घनमीटर) आहे, आणि दुष्काळात उपसून तोच आपण प्यायलोय.

शेवटची चूक आरोग्याची. डेंग्यूच्या पत्रकात कोणी 'स्थिर पाणी' लिहितं, कोणी 'साचलेले पाणी'. पहिला शब्द परका, दुसरा अपुरा. साचतं ते आपोआप, तुंबतं ते वाट अडल्यावर आणि साठवतो ते आपण. डेंग्यूचा डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. टँकरच्या गावात 'साचलेले' वाचून माणूस दारापुढचं डबकं बुजवतो आणि घरातलं टिपाड उघडंच ठेवतो. म्हणून पत्रकात सरळ लिहा: टिपाड, रांजण, हौद झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून वाळवा.