एमजीबी घरी उभी करायचीय? इंजिन नंतर, आधी सिल बघा

इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींपैकी कुणाला जुन्या स्पोर्ट्स कारचा किडा चावला की तो फिरून फिरून एमजीबीवरच येतो, आणि ते बरोबरच आहे. 1962 ते 1980 ही गाडी ॲबिंग्डनला बनत होती, पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे आजही वॉशरपासून अख्ख्या बॉडीपर्यंत सगळं नवं मिळतं. शिवाय साइझ. इथलं जुनं सिंगल गॅरेज साधारण 16 बाय 8 फुटांचं, गाडी पावणेतेरा फूट लांब आणि पाच फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम माणूस जाईल एवढी जागा उरते, पोट आत घेऊन काम करायचं. पुण्यात असतो तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गाडी सोडून चहाला गेलो असतो, इथे मजुरी तासावर लागते त्यामुळे स्वतः शिकण्यावाचून इलाज नाही.

घेताना एकच नियम धरा. इंजिन बंद पण पत्रा ठणठणीत, अशी गाडी घ्या. इंजिन मख्खन पण पत्रा सडका, ती कितीही चमकत असली तरी सोडून द्या. कारण इंजिन 1798 सीसीचं बी-सिरीज, ओतीव लोखंडाचा ठोकळा, कुठलंही पुस्तक उघडून खोलता येतं. बॉडीचं तसं नाही. हिला वेगळी चॅसी नाहीये, आणि रोडस्टरला तर वर छप्परपण नाही, त्यामुळे गाडी वाकू न देण्याचा सगळा भार दाराखालच्या सिलवर येतो. हे सिल म्हणजे एक पत्रा नाही. बाहेरचं सिल, मधे उभा मेंब्रेन आणि खाली कॅसल रेल, अशी मिळून पेटी बनते, तिच्या आत पाणी आणि चिखल साठतो आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर बुडबुडा दिसला म्हणजे आतलं आधीच गेलेलं असतं.

बघायला जाताना लोहचुंबक आणि जुना स्क्रूड्रायव्हर न्या. चुंबक चिकटत नसेल तिथे पुट्टी आहे. दाराची मागची फट बघा, वर चिकटलेली आणि खाली फाकलेली असेल तर गाडी मधे बसलीय. मग मालकाला विचारून एका बाजूने जॅक लावा आणि दार उघडून बंद करा, अडकलं तर मालकाचे आभार मानून घरी या. सीटच्या मागची बॅटरीची जागापण बघा, जुन्या गाड्यांना तिथे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या आणि त्यांचे ट्रे हमखास कुजलेले असतात. आणि "सिल नवीन टाकलेत" असं कुणी म्हटलं तर पुढचं मडगार्ड काढलं होतं का ते विचारा. खरं सिल पुढे मडगार्डच्या आत आणि मागे मागच्या विंगच्या आत जातं, ते न उघडता केलेलं काम म्हणजे गंजावर मारलेली पट्टी, झोल आहे तो.

आता काम. कापायच्या आधी गाडी सपाट जमिनीवर आणा, आधार पुढे क्रॉसमेंबरखाली (पुढच्या सस्पेन्शनची आडवी तुळई) आणि मागे ॲक्सलखाली द्या म्हणजे वजन चाकांवर असतं तसंच राहील. सिलखाली स्टँड लावायचा नाही, तेच तर कापायचंय. मग दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी पाइपचा ब्रेस, म्हणजे आडवा टेकू, मारा, तो आतल्या बाजूने मारा म्हणजे दार लावून फट बघता येते. दोन्ही दारांच्या फटी वर, मधे, खाली अशा मोजून मास्किंग टेपवर लिहून तिथेच चिकटवा. एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मधे बसेल आणि ती परत सरळ करणं घरी जमत नाही.

नवा पत्रा ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीचाच शक्यतो घ्या, स्वस्त पत्र्याचे कोपरे जुळत नाहीत आणि वाचवलेले पैसे ग्राइंडरच्या चकत्यांत जातात. मिग वेल्डिंगला (गॅसच्या आवरणात आपोआप पुढे येणाऱ्या तारेचं वेल्डिंग) 0.6 मिमी तार, करंट कमी, सलग ओढायचं नाही, एक ठिपका इथे एक ठिपका तिथे, नाहीतर पत्रा तापून लाटा येतात. कंपनीचे स्पॉट वेल्ड जिथे होते तिथे वरच्या पत्र्याला भोकं पाडून प्लग वेल्ड करा, मधल्या अंगाला वेल्ड-थ्रू प्रायमर, म्हणजे ज्याच्यावरून वेल्डिंग करता येतं तो. मेंब्रेन आणि कॅसल रेल टॅक केल्यावर (थोड्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडल्यावर) बाहेरचं सिल फक्त क्लॅम्पने धरा, दार लावा, टेपवरचे आकडे बघा, जुळले तरच पुढे. ही तपासणी कंटाळवाणी आहे पण अख्ख्या रिस्टोरेशनमधली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, रंगाला चार महिने लागले तर चालेल इथे घाई नको. रंग झाल्यावर सिलच्या आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, भरपूर मारा आणि पाणी जायची भोकं बुजवू नका.

वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी उतरवून गॅरेजबाहेर, कार्पेट बाहेर, बॅटरी बाहेर, अग्निशामक हाताशी. अजून एक, क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करू नका, उष्णतेने फॉसजीन नावाचा विषारी वायू तयार होतो, हे गमतीत घेऊ नका. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे हवा मारून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

मेकॅनिकल बाजू त्यामानाने मजेची. सगळे बोल्ट इंची आहेत, 7/16, 1/2, 9/16 असे पाने लागतात, मेट्रिक पाना जवळपास बसतो म्हणून लावला की डोकं गोल झालंच. गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही, क्लच बदलायचा तरी इंजिन बाहेर काढावं लागतं, म्हणून इंजिन काढलंच असेल तर क्लच, रिलीज बेअरिंग आणि माउंटिंग तेव्हाच नवीन टाका. ब्रेकचे रबरी होज, मागचे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर चांगले दिसले तरी बदला, पाइप कॉपर-निकेलचे टाका, गंजत नाहीत. इंजिनचं हेड काढलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट (व्हॉल्व्ह जिच्यावर बसतो ती कडी) बसवून घ्या, ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं आणि जुन्या सीट त्याच्याच भरवशावर होत्या. पेट्रोलचे रबरी पाइपपण नवे, इथेनॉल सोसणारे, कारण 2021 पासून साधं पेट्रोल ई10, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं, झालंय.

व्हॉल्व्ह ॲडजस्ट करायची युक्ती लक्षात ठेवा, बेरीज नऊ. आठ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा एक नंबरचा सेट करायचा, सात दाबलेला तर दोन, असं. गॅप थंड इंजिनला 0.015 इंच. पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून ठेवा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत नुसतं सेल्फवर फिरवा. ऑइल 20डब्ल्यू-50, झिंकवालं.

की फिरवली की मागून एसयू कंपनीचा पेट्रोल पंप टिकटिक करायला लागतो, कार्ब्युरेटर भरले की थांबतो. थांबतच नसेल तर गळती आहे किंवा टाकी रिकामी आहे. अजिबात टिकटिक नसेल तर आधी वायर आणि अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेलं टोक) बघा, मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पंपावर हलकी टपली मारा, बऱ्याचदा चालू होतो, पण तो जुगाडच, पंपातले पॉइंट, म्हणजे विजेचे संपर्क, साफ करायला हवेत.

दोन्ही एसयू कार्ब्युरेटर आधी समान श्वास घेतायत का बघा. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एकेका तोंडाशी, फुसफुस दोन्हीकडे सारखी यायला हवी. मग मिक्श्चर. इंजिन गरम असताना पिस्टन खालच्या छोट्या पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचला. आरपीएम वाढून वाढलेलेच राहिले तर पेट्रोल जास्त, इंजिन गचके खाऊन मरायला लागलं तर कमी, क्षणभर किंचित वाढून परत जाग्यावर आलं तर बरोबर. जेटचा (पेट्रोल येतं त्या बारीक नळीचा) नट एकावेळी एकच बाजू फिरवा, षटकोनी नटाची एक बाजू म्हणजे भरपूर फरक.

वायरिंगमधला अर्धा त्रास खराब अर्थचा असतो, प्रत्येक अर्थ घासून पांढरी करा. 1967 पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, रेडिओ वगैरे जोडायच्या आधी ते बघून घ्या. रंगावर मी जास्त बोलत नाही, घरी प्रायमरपर्यंत करा आणि शेवटचा कोट बूथवाल्याला द्या, गॅरेजमधली धूळ कुणालाच चुकलेली नाही.

काम चालू असताना गाडी रस्त्यावर नाही म्हणून सॉर्न, म्हणजे गाडी रस्त्यावर नसल्याची सरकारी नोंद, जाहीर करावं लागतं. 40 वर्षांच्या वरची आणि मोठे बदल न केलेली गाडी एमओटीमधून (दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीतून) सुटते, तरी पहिल्यांदा स्वतःहून एमओटी करून घ्या, दुसऱ्याची नजर ब्रेकवरून फिरलेली बरी. आणि चालवायला लागलात की सिग्नलला क्लच दाबून थांबू नका, हिचं रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे, घासून संपतं आणि ते संपलं की परत इंजिन बाहेर. न्यूट्रल करा, पाय काढा.